थट्टेचं नातं

जनरल झुमाना कोने साधे कॅप्टन होते तेव्हापासून त्यांची गाडी मीच चालवायचो. परक्या देशांत त्यांनी शांतिसेना सांभाळल्या, पुढे राजदूत झाले. वर्तमानपत्रं त्यांना मुत्सद्दी म्हणत. मला विचाराल तर त्यांची सगळी हुशारी एकाच गोष्टीत होती, समोरच्याला हसवायचं. आमच्या मुलखात कोने आणि त्राओरे या कुळांचं थट्टेचं नातं. एकमेकांना चवळीखाऊ म्हणायचं, गुलाम म्हणायचं, पण हात उगारायचा नाही.

एका वर्षी उत्तरेच्या लढाईत पडलेल्या सोबत्यांची प्रेतंही कुणी आणली नाहीत, म्हणून सार्जंट नूहूम त्राओरेच्या तुकडीने बंड केलं आणि अधिकाऱ्यांना ओलीस धरून नदीवरचा पूल अडवला. राजधानीने आमच्या साहेबांना पाठवलं. मशीनगन थेट आमच्या काचेवर रोखलेली. साहेब टोपी गाडीत ठेवून एकटेच उतरले.

“काय रे नूहूम, चवळी बाधली वाटतं? धन्याच्या वाटेत बसलायस ते?”

कुणी हसलं नाही. एकाने बंदुकीचा खटका मागे ओढला. नूहूम साहेबांकडे बघतच राहिला.

“हा म्हातारा गुलाम पळून आलाय,” तो शेवटी म्हणाला. “धरा याला, नांगराला जुंपू.” आणि त्यालाच हसू आवरेना.

संध्याकाळपर्यंत बंदुका खाली आल्या, ओलीस सुटले. कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही, असा शब्द साहेबांनी दिला. राजधानीने फोनवर होकार दिला होता, मी शेजारीच उभा होतो. त्याच आठवड्यात राजधानीच्या माणसांनी नूहूमला भिंतीशी उभं करून गोळी घातली. त्या हरामखोरांचं नाव काढलं तरी अजून माझं डोकं फिरतं.

साहेबांनी राजदूतपद सोडलं आणि नूहूमच्या गावी गाडी घ्यायला सांगितली. लोक जीव घेतील, मी विनवलं. त्यांनी ऐकलं नाही.

नूहूमची आई सितान एरवी साहेबांना भर बाजारात थट्टेच्या शिव्या घालायची आणि त्यांना त्याचं भारी कौतुक. आज अंगण माणसांनी भरलेलं, पुरुषांच्या हातात कोयते. साहेब तिच्यापुढे मातीत बसले.

“सितान, तुझा गुलाम आलाय. घाल शिव्या.”

एक शिवी, एवढंच त्यांना हवं होतं. ती उठली. घरातून खुर्ची आणली, स्वतःच्या हाताने पुसली.

“खाली नका बसू, जनरलसाहेब,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी पाणी आणते.”