बायकांपुरता नाच

बाईंच्या नृत्यवर्गाच्या कार्यक्रमांना दिवे माझे असायचे. कोल्हापुरात त्यांना लोक भरतनाट्यम् शिकवणाऱ्या म्हणून ओळखत, पण त्यांचा अर्धा जीव चंदगडकडच्या एका वाडीत होता. गौरी आल्या की तिथल्या बायका दुपारी एका घरात जमत, आतून कडी लावत आणि नाचत. नवऱ्याची चाल, सासऱ्याचा खोकला, सगळ्याची नक्कल त्या नाचात असे. पुरुषानं तो बघायचा नाही.

बाई आधी तिथं भात लावायला जात. मग चुलीपाशी बसू लागल्या. दाराच्या आत त्यांना फार उशिरा घेतलं. त्यांनी कधी काही चित्रित केलं नाही. अंगात मुरेल तेवढंच न्यायचं, असं त्या मुलींना सांगत.

पुढे त्या बायकांनी शहरातल्या बायकांपुढे नाचावं असं ठरलं. वाडीतल्या थोरल्या अक्कांची अट एकच होती, हॉलमध्ये बाप्या नको. बाईंनी शब्द दिला. मला म्हणाल्या, दिवे लावून ठेवा आणि निघा.

मी निघालो नाही. वर दिव्यांच्या खोलीत काचेमागे अंधारात बसून राहिलो. सासऱ्याच्या खोकल्याला मला हसू आवरेना. मोबाइल काढला आणि व्हिडिओ घेतला. घरी आजारी बायकोला दाखवायला, असं मी इतकी वर्षं मनाशी म्हणत आलो. तिला तो कधी दाखवलाच नाही. चहाच्या टपरीवरच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो वाडीत पोचला, नवऱ्यांनी आणि पोरांनी पाहिला.

बाईंनी विचारलं, "तुम्ही निघून गेला होतात ना?"

मी हो म्हणालो.

प्रेक्षकांतल्याच कुणीतरी केलं असणार, असं ठरलं. बाईंनी दोष स्वतःवर घेतला. वाडीनं त्यांना पुन्हा बोलावलं नाही.

यंदा गौरीत एसटीनं मी एकटाच तिथं गेलो. अक्का पडवीत तांदूळ निवडत होत्या.

"कोण म्हनायचं पावणं?"

"कोल्हापूरचा. दिवेवाला. तो व्हिडिओ मी काढलेला."

त्यांचा हात थांबला नाही. "आमी बाईला बोल लावला की. तिला सांगितलासा?"

"अजून न्हाय."

"ती बी तुमच्याच कोल्हापुरात, आन तुमी घाट चढून हितं आलासा." शेजारची बाई हसली. "जावा आत. आता कोन बी बघतंय."

दार सताड उघडं होतं. स्पीकर लावला होता, उंबऱ्यात पोरं मोबाइल धरून उभी होती. बायका गाण्यावर नीट ओळीत नाचत होत्या. नक्कल कुणीच करत नव्हतं. मला काही वाटलं नाही. परतीच्या गाडीतही नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. मुली वर्गाला जमत होत्या. बाईंनी ऐकून घेतलं.

"सासऱ्याचा खोकला कुणी करतं का अजून?"

"नाही."

त्या खुर्चीतून उठल्या, गुडघा चोळला, पदर खोचला. मुलींना म्हणाल्या, "आज घुंगरू नकोत." मग माझ्याकडे न बघता, "जाताना दार ओढून घ्या."

मी ओढलं. आतून कडी लागली. मी जिना उतरलो, थांबलो नाही.