मनातल्या शब्दांची माफी

निव्वळ मनात आलेल्या विचारांपायी माझ्या थोरल्या साडूंइतका एस.टी.ने हिंडलेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडणार नाही. म्हसळ्याला शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी सम्यक वाचेचा ध्यास घेतला आणि वाणी शुद्ध करता करता ते तिच्या उगमापर्यंत, म्हणजे मनापर्यंत, पोहोचले. "शब्द ओठांवर येतो तोवर वयात आलेला असतो, साडूभाऊ," ते म्हणत, "त्याला पाळण्यातच गाठायला हवं." विहारात पंचशील म्हणताना खोटे न बोलण्याच्या शीलापाशी ते असे थबकत, की मागच्या सगळ्यांची लय चुके. फोनवर "कसे आहात?" असे विचारले, तर खरे उत्तर शोधण्यात इतका वेळ जाई, की समोरचा रेंज गेली समजून फोन ठेवून देई. एकदा कंडक्टरला मनातल्या मनात उद्धट ठरवल्याबद्दल त्यांनी भर गाडीत त्याच्यापुढे हात जोडले. तो म्हणाला, "काका, मनातल्याला तिकीट न्हाय. पुढं सरका."

काशीदला आमच्या दारी ते एका सकाळी दोन गाड्या बदलून उभे राहिले. "परवा तुमच्याकडे जेवताना मनात आलं, की सुरमईचा मधला तुकडा हा माणूस नेहमी स्वतःच उचलतो. क्षमा करा." मी काही म्हणण्याआधीच स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला, "त्यात क्षमा कसली, भाऊजी? उचलतातच ते!" त्या दिवसापासून माझ्या वाट्याला शेपटीकडचा तुकडा येऊ लागला.

अशा माणसाला मी दुखावले. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी त्यांना सहज विचारले, "मुलीचे वडील स्वभावाने कसे?" साडूंनी डोळे मिटले. फार वेळाने ते म्हणाले, "माणूस चांगला. रागावतात लवकर, मागाहून पस्तावतात." लोक हसले, आणि मी चारचौघांत बोलून गेलो, "ज्याला मूल नाही, त्याने मुलीच्या बापाला गुण देऊ नयेत." मेव्हणी शेजारीच बसल्या होत्या. साडू जेवले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पत्नीला घेऊन गेले. ते वाक्य त्या दिवशी जन्मले नव्हते. कित्येक वर्षे मीच ते आत पोसले होते. मनातल्या एका विचारासाठी ते दोन गाड्या बदलून आले होते; बोललेल्या शब्दासाठी घराबाहेर पडायला मला दीड महिना लागला.

दार त्यांनीच उघडले. मी उंबऱ्यातच म्हणालो, "चुकलो. क्षमा करा."

त्यांनी डोळे मिटले. मी उभा राहिलो.

"आज नाही जमत, साडूभाऊ," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "हिने ते ऐकलं ना. राग आहे अजून. केली म्हटलं, तर खोटं होईल." मग बाजूला सरले. "पण आत या, चहा घ्या. चहा देताना मनात काही नाही."

निघताना त्यांनी सांगितले, "राग गेला, की मीच येईन."

त्याला आता तीन महिने होत आले. ते अजून आलेले नाहीत. आणि त्यांच्या त्या न येण्याइतके खरे माझ्याशी आजवर कोणी बोललेले नाही.