चाचांचं ‘बहुतेक’

वाशीमच्या कोर्टासमोर एक बाईंडर चाचा बसतात. आम्हा वकिलांच्या अपिलांचे गठ्ठे शिवून देतात. त्यांच्या तोंडी ‘नक्की’ हा शब्द येत नाही. “चाचा, चारपर्यंत होईल?” “होईन बहुतेक.” हातात रिकामा कप असताना चहा घेतला का विचारा, “घेतला बहुतेक.”

मला हा माणूस आवडतो, कारण मीही शंकेवरच जगतो. बलात्काराच्या खटल्यात शिक्षा झालेल्यांची अपिलं मी लिहितो. बाईची साक्ष विश्वासार्ह असेल तर ती एकटीही पुरते, हे मला पाठ आहे. म्हणूनच तिच्यात कुठे वाजवी शंका काढता येते ते शोधतो, आणि सापडली की त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खातो.

परवा असंच एक अपील नागपूरला जायचं होतं. चाचांनी शिवलेला गठ्ठा उघडला तर पानोपानी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या, खळीने चिकटवलेल्या.

“हे काय, चाचा?”

“त्या बाईचं नाव तुमी उघडंच ठेवलं होतं, वकीलसायेब. हे कागद किती हातांतून जातीन! झाकलं म्या.”

ते नाव झाकायचं असतं, असा कायदाच आहे. नव्या वकिलांना तो मीच शिकवतो. लाज लपवायला मी उलटतपासणी सुरू केली.

“एखादं सुटलं असेल.”

“सत्तावीस जागी होतं. दोनदा पाह्यलं.”

“नक्की?”

“नक्की.”

बावीस वर्षं शंकेवर पोट भरणाऱ्या मला त्यावर एकही शंका सुचली नाही.