पाण्याखालची पोरं

रोपमावशी तापट होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. झाडापानांत राहणारी माणसं शांत असतात असं ज्याला वाटतं, त्याने तिच्या रोपवाटिकेत एकदा वाफ्यावर चप्पल टेकवून बघावी. डोंगरमाथ्यावरच्या त्या रोपवाटिकेत तिची उभी हयात गेली होती. खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. वनखात्याच्या साहेबीणबाईसुद्धा तिला मावशीच म्हणत. नवरा तेवढा ‘अगं’ म्हणायचा, आणि तोही जरा अंदाज घेऊनच.

रोपवाटिकेच्या पलीकडे, माथ्यावरच, एक मोठी खोलगट जागा होती आणि त्या खोलगटात जंगल. पावसाळ्यात चारी बाजूंच्या चढांवरून पाणी तिथे उतरायचं आणि बाहेर जायला वाट नाही म्हणून महिनोन्‌महिने मुक्काम ठोकायचं. डोंगराच्या डोक्यावर तळं आणि तळ्यात उभं जंगल! होडीतून गेलं की फांद्या खांद्याला घासत. पानांतून गाळून आलेला उजेड पाण्यावर हलत राही, आणि जिथे उन्हाळ्यात मुंग्यांची रांग चाललेली असे तिथे खोडाभोवती मासे हिंडत. खोडांवरचं शेवाळ सगळीकडे एकाच उंचीवर सुरू होई; त्याच्या खाली पाण्याचं राज्य. अशा ठिकाणी आवाज आपोआप खाली येतो. मावशीसुद्धा तिथे हळू बोलायची, आता बोला.

त्या जंगलाबद्दल ती शेजारपाजाराबद्दल बोलावं तशी बोलायची. काठावरची झाडं म्हणजे पाहुणे, मुळाशी जरा पाणी साचलं की ह्यांचा जीव कासावीस. त्यांच्या आत भाडेकरू, म्हणजे लव्हाळे, नेचे, बारीक पानांची झुडपं. ही मंडळी पाणी सोसायची, पण फार लांबलं की कुरकुर सुरू. आणि अगदी मधे, जिथे माणूस बुडेल इतकं पाणी, तिथे घरची माणसं: गुडघेझाडं. श्वास घ्यायला ह्यांची मुळं चिखलातून वर यायची आणि गुडघा दुमडावा तशी वळून परत खाली जायची, म्हणून ते नाव.

“पाणी आहे म्हणून पाहुणे दारात थांबतात,” मावशी म्हणायची. “पाणी हटू दे, लगेच पाय पसरतील मेले.”

एकदा तसं झालंही होतं. कधीकाळी कुणा शहाण्याने चर खणून ते पाणी डोंगराखाली सोडून दिलं. मधली बरीच गुडघेझाडं उभ्याउभ्या वाळली. मग चूक उमगली तेव्हा चराच्या तोंडाशी लोखंडी गेट बसवलं, पाणी पुन्हा अडायला लागलं, पण जंगलाच्या मधोमध एक उघडी जागा राहिली ती राहिलीच. तिला सगळे टक्कल म्हणत. गेट सांभाळायला जो माणूस ठेवला होता तो मावशीचा नवरा, आणि त्याच्याही डोक्यावर केसाचं नाव नव्हतं.

“एक टक्कल घरात, एक जंगलात,” मावशी चारचौघांत म्हणायची. “दोन्हीकडे काही उगवेल तर शपथ!”

गेटवाला डोक्यावरून हात फिरवून हसायचा. लोण्याचा माणूस तो. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. त्यावर ते बोलत नसत, कारण जे बोलायचं ते तरुणपणीच बोलून संपलं होतं.

गुडघेझाडं क्वचितच फळतात. ज्या वर्षी फळली त्या वर्षी मावशीने चिखलात बसून बी वेचलं आणि रोपं केली. ती वाढवायची तिची रीत अशी की बघणाऱ्याच्या काळजात चर्र व्हावं. रोपं टाक्यात ठेवायची आणि पाणी हळूहळू चढवत न्यायचं. शेंडा बुडाला तरी हात लावायचा नाही. पुढे जन्मभर दरवर्षी बुडायचं आहे त्यांना, ती म्हणायची, मग लहानपणीच सवय नको का? अर्धी रोपं तिने टकलात नेऊन लावली, अर्धी टाक्यात राखून ठेवली.

तेवढ्यात साहेबीणबाई आल्या. बाई चांगल्या होत्या, सांगताना त्यांचीच मान खाली गेली. “मावशी, वरून विचारणा होतेय. टकलात काही जगलं तर उत्तम. नाहीतर गेट काढून टाकायचं आणि तिथे कोरड्या जमिनीची झाडं लावायची असं चाललंय.”

म्हणजे घर कायमचं पाहुण्यांच्या नावावर! मावशीच्या जिवाला घोर लागला.

पावसात पाणी चढलं आणि रोपं बुडाली. मावशी रोज होडी घेऊन टकलावर जायची आणि वाकून बघत बसायची. खाली पानं हिरवीगार, हळूच हलायची, झोपेत पोराने कूस बदलावी तशी. तिला वाटायचं, आपणही तिथे खाली आहोत, कुठे जायची घाई नाही, डोक्यावरून कुणाची तरी होडी चालली आहे. मग चढांवरची माती वाहून आली, पाणी तांबडं झालं आणि खालचं काही दिसेनासं झालं. तिचं अन्नावरचं मन उडालं. दुपारी जरा डोळा लागला की पुटपुटायची, “बुडाली हो माझी पोरं,” आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळायचं.

शेजारी बसलेल्या गेटवाल्याला ते पाहवेना. जागेपणी तिने हजार शिव्या घातल्या असत्या तर त्याने हसून ऐकल्या असत्या, पण हे झोपेतलं रडणं त्याच्याच्याने सोसवेना. एका दुपारी तो उठला, गेटपाशी गेला आणि चाक जरासं फिरवलं. नुसते शेंडे वर येईपर्यंत, एवढंच. दुसऱ्या दिवशी आणखी जरासं.

पाऊस चालू असताना पाणी उतरतंय हे मावशीच्या नजरेतून सुटणार होतं थोडंच! खोडांवरची ओली खूण वर आणि पाणी खाली. होडी तशीच वल्हवत ती गेटपाशी आली.

“तुम्ही उघडलंत?”

“तू झोपेत रडत होतीस,” तो म्हणाला.

“अहो, मी रडेन नाहीतर ऊर बडवीन! ती बुडायलाच लावली होती!”

गेट लगेच बंद केलं, पण त्यानंतर पाऊसच ओसरला आणि गेलेलं पाणी भरून आलं नाही. शेंडे उघड्यावर आले. अवेळी कोवळी पालवी फुटली आणि उन्हाने करपली. काठावरून काटेरी वेल सरसर उतरले, त्यांनी टकलावर पांघरूण घातलं. वेल तोडता तोडता मावशीचे हात रक्ताळले, पण खाली एकही रोप जिवंत निघालं नाही.

मग तिने अबोला धरला. ज्या घरात सकाळपासून तोंडाचा पट्टा चालायचा तिथे भांड्याचा आवाज दचकवायला लागला. गेटवाला दिवसेंदिवस वाळत चालला. साहेबीणबाईंनी वर रदबदली करून आणखी एक पावसाळा मिळवला. टाक्यातली उरलेली रोपं टकलात गेली. ती शेवटचीच, नवं बी कधी मिळेल देव जाणे. गेटवाल्याने बाईंना हात जोडले, “मला गेटवरून काढा. दुसरा कुणी ठेवा.”

मावशी तिथेच होती. कित्येक महिन्यांत ती पहिल्यांदा त्याच्याविषयी बोलली. “गेटवर हेच राहतील,” म्हणाली आणि पाठ फिरवून निघून गेली.

पुन्हा पाणी चढलं आणि तांबडं झालं. पुन्हा ती दुपारी झोपेत रडायला लागली. ऐकू येऊ नये म्हणून गेटवाला पावसात बाहेर पडायचा आणि गेटच्या कट्ट्यावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, भिजत बसून राहायचा. हात मोकळे राहिले तर काय करतील ह्याचा त्याला भरवसा नव्हता. जंगल तोंडापर्यंत भरून निजल्यासारखं पडलं होतं, पाण्यावर पानंसुद्धा वाहत नव्हती.

पाणी उतरलं ते त्याच्या वेळेला, त्याच्या मर्जीने. टकलात नुसता चिखल आणि चिखलात मातीने माखलेल्या काड्या. मावशी पुढे गेली. गेटवाला मागेच थांबला. तिने पहिल्या रोपाची साल नखाने हळूच खरवडली. आत हिरवं होतं. दुसऱ्याचं बघितलं, तिसऱ्याचं. मग ती चिखलात मटकन बसली.

“अगं?” लांबून त्याचा आवाज आला, रडवेला.

“जगलीत हो!”

तो धावत आला आणि तिच्याशेजारी चिखलात बसला. “तुझंच खरं होतं. तू दगड होऊन राहिलीस, मला नाही जमलं ते. माझ्यामुळे पहिली गेली.”

मावशी त्याच्याकडे वळली. मग पदराने त्याच्या गालावरचा चिखल पुसत म्हणाली, “कसला दगड नि कसलं काय. ह्या पावसात मीच आले होते गेटवर, उघडायला. एकदा नाही, दोनदा. तुम्ही तिथे हात दाबून भिजत बसलेले दिसलात, म्हणून परत गेले.”