कळ काढा, खाली बसा

तीस वर्षं मी पेणच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून चिकटवलेली पानं. परीक्षा तोंडावर आली की त्यातले चार प्रश्न पाठ करून घ्यायचे आणि मुलांना लोकशाहीच्या स्वाधीन करायचं, एवढंच आमचं काम. त्यामुळे मी निवृत्त झाल्यावर एका सामाजिक संस्थेचे अध्यक्ष घरी आले आणि म्हणाले, “बाई, मूलभूत हक्कांवर सोप्या भाषेत एक पुस्तिका लिहून द्या,” तेव्हा मला भरूनच आलं. कुणाला तरी ती मागची पानं आठवली होती.

मी महिनाभर खपून लिहिलं. अध्यक्षांनी ते वाचलं आणि लाल पेनाने आणखी सोपं केलं. संघटना करण्याचा हक्क त्यांनी काढूनच टाकला. “छपाई एक कंपनी करून देत्ये. त्यांना उगाच टोचायला नको.” शोषणाविरुद्धचा हक्क गेला, कारण ‘शोषण’ शब्द जड आहे. भाषणस्वातंत्र्य राहिलं, पण त्याला ‘मर्यादेत राहून’ अशी शेपटी लागली. कर्तव्यं मात्र सगळीच्या सगळी राहिली. ती बहुधा मुळातच सोपी असावीत. मी सगळ्याला मान डोलावली. मुखपृष्ठावर माझं नाव येणार होतं ना.

पुस्तिकेचं प्रकाशन रोह्याला एका हॉलमध्ये ठरलं. हक्क जागृती मेळावा. मेळावा म्हटला की हॉल भरायला माणसं लागतात, आणि ज्यांना हक्क सांगायचे ती माणसं नेमकी कामावर असतात. अध्यक्षांचा एक मित्र पेणला गणपतीच्या मूर्तींचा कारखाना चालवतो. तो माझा जुना विद्यार्थी, आता सगळे त्याला शेट म्हणतात. त्याने रंगकाम करणाऱ्या चौदा बायका एका दिवसासाठी देऊ केल्या. खुर्च्या द्याव्यात तशा. त्यांच्यासाठी बस केली होती, तिच्यातूनच मीही निघाले.

बसमध्ये माझ्या शेजारी चाळिशी उलटलेली एक बाई बसली होती. कासूच्या पलीकडच्या खाडीकाठच्या गावातली. कारखान्यात ती मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायची. हे काम सगळ्यात नाजूक. शेटकडे ते येणारी ती एकटीच. नागोठणं मागे पडल्यावर तिने मला विचारलं, “बाई, हॉल मोठा हाय का?”

“मोठा आहे. नवीन बांधलाय.”

“मंग बरा हाय,” ती म्हणाली आणि समाधानाने खिडकीबाहेर बघू लागली. मला वाटलं, केवढी ही ज्ञानाची ओढ!

साडेदहाला आम्ही पोचलो. प्रमुख पाहुणे साडेबाराला आले. तोपर्यंत बायकांना जागेवरून हलू दिलं नव्हतं, कारण पाहुणे शिरतील त्या क्षणी हॉल भरलेला दिसायला हवा होता. मग दीपप्रज्वलन, शाली, नारळ, प्रास्ताविक. कुणी मध्येच उठून जाऊ नये म्हणून एका पोक्त स्वयंसेवकाने मागच्या दाराला कडी घातली आणि पुढे खुर्ची टाकून बसला. एक वाजता मी माईकपुढे उभी राहिले. समता झाली. मर्यादेत राहून भाषणस्वातंत्र्य झालं. संचारस्वातंत्र्यावर आले आणि सोप्या भाषेत म्हणाले, “म्हणजे काय, तर आपल्या देशात आपण कुठेही मोकळेपणाने जाऊ शकतो.”

तेवढ्यात ती डोळे आखणारी उठली आणि दाराकडे निघाली.

“कुठं निघालात?” स्वयंसेवक म्हणाला.

“भायेर जायाचं हाय.”

“भाषणं झाल्यावर. साहेब बसलेत.”

“साहेब बसलेत तं बसू द्या. मना जायाचं हाय.”

हॉलमध्ये खसखस पिकली. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं, अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, हक्कांची लेखिका, तीस वर्षं वर्गावर लावलेल्या आवाजात माईकवरून म्हणाले, “अहो, दोन मिनिटं कळ काढा. खाली बसा.”

ती वळली. आवाज चढवला नाही. “बाई, तुमीच तं आता बोलल्या, कुठंबी जायाला मोकळीक हाय. मना दिल्लीला नाय जायाचं. संडासला जायाचं हाय.”

एवढं बोलून तिने स्वयंसेवकाच्या डोक्यावरून हात घालून कडी काढली. पाठोपाठ बाकीच्या तेरा जणी उठल्या. पाच मिनिटांनी बाहेरून गलका ऐकू आला. हॉलच्या संडासाला कुलूप होतं. पाहुण्यांसाठी तो धुऊन ठेवलेला होता. शेवटी मागच्या आळीतल्या एका म्हातारीने आपल्या घरचं दार उघडलं, तेव्हा चौदा जणींची सोय झाली. इकडे माझ्या पुढच्या पानावर सन्मानाने जगण्याचा हक्क होता. तो मी त्या चौदा रिकाम्या खुर्च्यांना उदाहरणांसह समजावून सांगितला.

बायका परत आल्या तेव्हा अध्यक्ष दारात उभे होते. कार्यक्रम अर्धवट टाकणाऱ्यांना परतीची बस मिळणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. मला मात्र त्यांच्या गाडीत जागा होती. मी गाडीपाशी गेले, दाराला हात लावला, आणि मला आत बसवेना. त्या बायकांच्या मागोमाग मी स्टेशनवर गेले. पनवेलकडे जाणारी गाडी यायला दीड तास होता. बायका फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या.

गाडीत निडी स्टेशन गेल्यावर त्या आखणीवालीनेच डब्यातली भाकरी मोडून माझ्यापुढे केली. मी म्हटलं, “चुकलं माझं. मी तुम्हाला बसा म्हणायला नको होतं.”

“जाऊं द्या वो. आमाला सवय हाय.”

मग कळलं, सवय कसली. कारखान्यात बायकांना संडासच नव्हता. शेटचं घर कारखान्याला लागून, त्यात दोन. पण ते घरच्यांसाठी. पुरुष भिंतीआड जात. बायका सकाळी नऊला येत त्या संध्याकाळी सहाला घरी जाईपर्यंत पाणी पीत नसत. एकीला मुतखडा झाला होता. एक गेल्या मे महिन्यात रंगाच्या डब्यावरच चक्कर येऊन पडली होती.

“मंग शेट बोलला रोह्याला जायाचं, नवा हॉल हाय,” ती म्हणाली. “आमी बोललो, चला गो, तिथं संडास तरी असंल.”

माझ्या व्याख्यानाला गर्दी का झाली ते असं मला कळलं. कासूला आखणीवाली उतरली, बाकीच्यांबरोबर मी पेणपर्यंत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी. शेटला अध्यक्षांचा फोन गेला होता. शेटने तिला कारखान्याच्या पायरीवरूनच परतवलं होतं. “तुला मोकळीक पायजे ना? घे, आजपासून मोकळी,” असं सगळ्यांसमोर म्हणाला होता.

मी तशीच चप्पल घालून तिच्याबरोबर गेले. विद्यार्थ्याने उठून मला नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा मागवला. मी त्याला हक्क, कायदा, माणुसकी, सगळं क्रमाने सांगितलं. त्याने लहानपणी ऐकायचा तसंच ऐकून घेतलं, म्हणजे खिडकीबाहेर बघत. मग म्हणाला, “बाई, तुम्हीच शिकवलंत, व्यवसायाचं स्वातंत्र्य. मग माझ्या कारखान्यात कुणाला ठेवायचं हे माझं स्वातंत्र्य नाय का?” धडा त्याला पाठ होता. स्वतःपुरता.

मी बाहेर आले. बायका शेडमध्ये रंग देत होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, “आपण एक रीतसर अर्ज करू. मी लिहिते.” त्यांच्यातली सगळ्यात वयस्क बाई म्हणाली, “लिवा बाई. तवर आमी जरा जाऊन येतो.” तिने ब्रश पाण्यात टाकला. बाकीच्या बाराही जणींनी टाकला. सगळ्या शेटपुढे जाऊन उभ्या राहिल्या. “शेट, संडासला जाऊन येतो.”

“कुठं?”

“एसटी स्टँडवर. तिथं हाय ना.”

भर बाजारातून तेरा बायका एका ओळीत स्टँडवर गेल्या. जायला वीस मिनिटं, तिथली रांग, यायला वीस मिनिटं. आल्या, तासभर काम केलं, घोट घोट पाणी प्यायल्या, पुन्हा निघाल्या. दिवसभरात चार वेळा. शेट ओरडला, “अगो, एकेक करून जा ना!” वयस्क बाई म्हणाली, “एकटीनं बाजारातून जायाला लाज वाटते, शेट.” दुसऱ्या दिवशी तेच. बाजारातले लोक ओळ दिसली की शेटचं नाव घेऊन हसायला लागले. त्या कुणाकडेही काही मागत नव्हत्या, घोषणा देत नव्हत्या, मर्यादा सोडत नव्हत्या. फक्त जात होत्या आणि येत होत्या. माझा अर्ज तोवर दुसऱ्या परिच्छेदापर्यंत आला होता.

परदेशी जायच्या मूर्ती डोळ्यांवाचून रांगेत उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशी शेटने स्वतः ब्रश घेतला. दोन मूर्ती तिरळ्या झाल्या. मग त्याने कासूच्या बाजूला माणूस पाठवला. ती यायला तयार झाली, पण निरोप्याला म्हणाली, “पयलं संडास दावा. मंग डोलं काढते.”

चौथ्या दिवशी शेटने घरातला एक संडास बायकांना उघडून दिला आणि पंधरवड्यात गोदामाच्या मागे वेगळा बांधला. ती कामावर परत आली. शेट अजूनही तिच्याशी थेट बोलत नाही, दुसऱ्या कुणाकडून तरी सांगतो. ती ते स्वतःचं भाग्य समजते. अध्यक्षांनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही.

महिन्याभराने त्याच गल्लीतल्या दुसऱ्या एका कारखानदाराने, कुणी मागायच्या आतच, बायकांसाठी संडास बांधायला घेतला. मी जाता जाता त्याचं कौतुक केलं. तो घाईघाईने हात जोडून म्हणाला, “बांधतो बाई, दोन बांधतो. पण आमच्या बायकांसमोर तेवढं भाषण नको.”