कटिंग हॉलची भिंत

सैनिक माघार घेत नाही, असं भाषणात सांगतात. आम्ही कळंबोलीजवळ घेतली. भर सकाळी, पावलाला पाऊल मिळवून.

मी इन्फन्ट्रीत हवालदार होतो. उत्तरेतल्या पोस्टवर आमच्या अंगात जे जाड कोट असत, ते पनवेलजवळ कळंबोलीच्या एका जुन्या कारखान्यात शिवलेले. गव्हाणच्या हिरूबाई तिथे शिलाईला होत्या. त्यांचा मुलगा दत्ताराम माझ्या सेक्शनमध्ये. एकदा तो गस्तीवर पुढे गेला. वायरलेस सेटवर म्हणाला, "रस्ता खुला. ओव्हर." मग बर्फाचा कडा सुटला आणि तो त्याखाली गाडला गेला. लढाईत गेला नाही म्हणून चौकातल्या स्मारकावर त्याचं नाव आलं नाही. कारखान्यातल्या बायकांनी कटिंग हॉलच्या भिंतीवर तालुक्यातल्या गेलेल्या जवानांची नावं रंगवली होती. त्यात त्याचं होतं. दुसरीकडे कुठेच नव्हतं.

मी निवृत्त होऊन आलो तोवर कारखाना बंद पडला होता. विमानतळाच्या बातमीने जमिनींना भाव आला आणि एका बिल्डरने पाडकामाचा दिवस ठरवला. त्या सकाळी आम्ही माजी सैनिक मेडल लावून गेटवर तीन रांगांत उभे राहिलो. मागे हिरूबाई आणि शिलाईच्या बायका जमिनीवर बसल्या.

जेसीबीमागून मोटार आली. बिल्डरचे सल्लागार उतरले. निवृत्त कर्नल. त्यांनी आमच्याकडे एकवार पाहिलं.

"परेड, सावधान! दाहिने मुड! तेज चल!"

सवयीने पाय उचलले गेले, आम्ही चाललो. चहाच्या टपरीपाशी "थम" ऐकू आलं, तेव्हा काय झालं ते कळलं.

गेटवर कर्नलसाहेब आता बायकांना हुकूम सोडत होते. हिरूबाई म्हणाल्या, "तुजी परेड गेली तिकडं, बाबा. आमी नाय उठनार. माजा पोरगा आत भिंतीवर हाय."

"मावशी, बाजूला व्हा ना," जेसीबीवाला म्हणाला.

"तूच खाली उतर. घसा सुकला असंल. पानी पी."

तो उतरला. इंजिन बंद झालं. आम्ही परत आलो.

"हवालदार, कुटं गेल्ता?"

"ऑर्डर होती."

"माजी नव्हती."

बायका चार दिवस उठल्या नाहीत. शेवटी बिल्डरने हॉल सोडून बाकीचा कारखाना पाडला. भोवती टॉवर आले. हॉल आता सोसायटीचं क्लब हाऊस आहे, पण भिंत जशीच्या तशी आहे. वर्षातून एकदा आम्ही तिथे जमतो आणि नावं मोठ्याने वाचतो. दत्तारामचं नाव खालच्या ओळीत आहे. ते दिसण्यासाठी आधी टेबल टेनिसचं टेबल सरकवावं लागतं.