पाचपैकी तीन

मेंगिया काडुफ सव्वीस वर्षं खोऱ्यातलं बर्फ मोजत होती. रोज सकाळी बर्फात रोवलेली मोजपट्टी वाचायची, पंधरवड्यातून एकदा डोंगरावर खड्डा खणून थर तपासायचे आणि सगळं हिमस्खलनाचा इशारा देणाऱ्या कचेरीला कळवायचं. पूर्वी ती टपाल वाटायची. तेव्हा लोक निदान पाकीट तरी फोडत.

त्या फेब्रुवारीत खड्ड्याच्या तळाशी बर्फ नव्हतंच, साखर होती, बोटांतून घरंगळणारी. वर वाऱ्याने आणून थापलेली जाड लादी. नवरा गिएरी टिपून घेत होता. मेंगियाने फावडं टेकवून त्यावर चापट्या मारल्या. बाराव्या चापटीला लादी सर्रकन सुटली; माणसाच्या वजनानेही सुटली असती.

एवढ्यात झुरिकचे दंतवैद्य हाल्टिनर एकटेच वर आले. अंगावर सगळं नवंकोरं. पाठीवर, दोरी ओढली की फुगून माणसाला बर्फाच्या वर ठेवणारी पिशवीसुद्धा.

"आज धोका तीन ना, बाई? पाचपैकी तीन म्हणजे पास!"

"शाळेत. इथे सगळ्यात जास्त माणसं तीनलाच मरतात. चार-पाचला तुम्ही हॉटेलात बसता."

"पण त्या उतारावर कुणीतरी आधीच जाऊन आलंय. स्कीच्या रेघा दिसतायत."

"मग तो नशीबवान. उतारानं तुम्हाला काही वचन दिलेलं नाही."

डॉक्टर हसले. दात फार सुरेख होते.

उताराच्या मध्यावर ते पोचले आणि धप्प आवाज झाला. अख्खी लादी तडकून खाली निघाली. पिशवीची दोरी डॉक्टरांनी अडकू नये म्हणून नीट आत कोंबून चेन लावली होती.

मेंगियाने ते दिसेनासे झाले ती जागा नजरेत धरली. वर आता सुटण्याजोगं काही उरलं नव्हतं. दोघं खाली उतरली. गाडलेल्याचा संकेत पकडणाऱ्या शोधयंत्राची टिकटिक वाढत गेली, गिएरीची सळई मऊशा कशाला तरी लागली, आणि दोघं खणत सुटली. अकराव्या मिनिटाला तोंड मोकळं झालं. निळं, पण श्वास होता.

"माझ्या स्की?" डॉक्टरांचा पहिला प्रश्न.

"मे महिन्यात सापडतील," गिएरी म्हणाला.

हेलिकॉप्टर त्यांना घेऊन गेल्यावर मेंगिया बर्फातच बसली. थर्मासचं झाकण तिला उघडेना. याआधी तिने तिघांना खणून काढलं होतं. त्यातल्या एकानेही काही विचारलं नव्हतं.

"अगं, आण इकडे," म्हणत गिएरीने झाकण फिरवलं.

महिन्याने डॉक्टरांचं पत्र आलं, सोबत विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश. मनापासून आभार मानले होते. धोक्याची सूचना पुढच्या वेळी जरा स्पष्ट शब्दांत द्यावी, असंही सुचवलं होतं.